कोणत्या घोडीचा चीक?

बरखेड्याच्या सहकारी दुकानात त्या रविवारी दुपारी गर्दी नव्हती, तरी वसुधाला घाई होती. तिनं बाळाच्या दुधाच्या पावडरीचे दोन डबे, एक मोठी दुधाची बाटली आणि तीन रबरी निपलं काउंटरवर मागितली, तशा मागे रव्याची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या दामलेकाकू पुढे सरकल्या.

"अगं वसू, कोणाकडे पाळणा हलला? मला कसं कळलं नाही?"

"सत्तारचाचांकडे, काकू."

"इश्श! या वयात?"

"त्यांच्या घोडीला झालंय. शिंगरू. घोडीला दूध नाही, म्हणून..."

दामलेकाकूंनी रव्याची पिशवी काउंटरवर ठेवली आणि पोट धरून हसल्या. "तुझी आई म्हणते ते खोटं नाही बाई. पाच वर्षं विलायतेत शिकलीस, ती शेवटी घोड्यांची सुईण व्हायला!"

वसुधाही हसली. या हसण्याची तिला सवय झाली होती. जुलैत ती एडिंबरोहून परत आली, तेव्हा हिंदी मुलखातल्या या कारखान्याची सगळी टाउनशिप तिला बघायला आली होती. बाळकृष्ण परचुरे फोरमनची मुलगी जनावरांची डॉक्टर होऊन आली, आता दिल्लीला तरी जाईल, नाहीतर मुंबईला रेसच्या घोड्यांकडे. ती कुठेच गेली नाही. वडिलांच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत तिनं एक टेबल मांडलं, दारावर पाटी लावली. तिकडे विलायतेत श्रीमंतांच्या घोड्याला साधा खोकला झाला तरी अर्ध्या तासात डॉक्टर येतो. मग इथल्या टांग्याच्या घोड्यानं काय पाप केलंय? हे ती इतक्या तळमळीनं बोलायची, की समोरच्याला हो म्हणावंच लागे. आणि सत्तार मियाँचा टांगा तर तिचा स्वतःचा होता. सातवीपर्यंत ती त्याच टांग्यात मागच्या बाजूला पाय सोडून बसून शाळेत गेली होती.

सत्तार मियाँची घोडी रेशमा पहाटे पाचला व्याली. बछेरी झाली. काळसर, लांबच लांब पायांची, ओलीचिंब. अर्ध्या तासात उभीसुद्धा राहिली. पण रेशमाच्या कासेत काही नव्हतं. वयही झालेलं, पोटाला चाराही कमी. वसुधानं गरम पाण्याच्या फडक्यानं कास शेकली, चोळली, तासभर खटपट केली. अर्धी वाटी चीक निघाला, तोही पाण्यासारखा पातळ. शिंगरू आईला ढुशा देऊन देऊन थकलं आणि दुपारपर्यंत पेंढ्यावर निपचित पडलं.

पावडरीनं पोट भरलं असतं, पण जीव वाचला नसता. नव्या शिंगराच्या रक्तात रोगाशी लढायचं बळ नसतं. ते बळ घोडीच्या पहिल्या चिकातूनच येतं, आणि तो चीक पहिल्या काही तासांतच पोटात जावा लागतो. सकाळपासून नऊ तास गेले होते. पण वसुधा घाबरली नव्हती. तिच्याकडे चीक होता.

घरी आल्यावर तिनं फ्रीजचा बर्फाचा कप्पा उघडला. वाटाण्याच्या पुड्यांमागे दोन बाटल्या गोठून उभ्या होत्या.

"नेतेस एकदाच्या?" आई, शशिकलाबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तीन आठवडे माझ्या फ्रीजमध्ये ते काय ते! मी बर्फसुद्धा वापरला नाही."

"बघ, आज एक जीव वाचणार त्यानं. तिकडे याची बँक असते, आई. चिकाची बँक. आपल्याकडेही होईल. ही पहिली."

बाटल्यांवर तिनं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'मोतिया. २१ नोव्हेंबर.' बाटल्या कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवल्या, आणि चिठ्ठ्या भिजून सैल झाल्या तशा तिनं त्या नखानं सोलून काढल्या. का सोलल्या, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

*

मोतिया ही जवाहर चौकातल्या गोविंद घोडीवाल्याची वरातीची घोडी होती. पांढरीशुभ्र, उंच. अकरावा महिना भरला तरी गोविंद तिला वरातीला नेत होता. तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले, एवढी देखणी घोडी दुसरी कुठून आणणार? एका रात्री वरात पोचवून परत आल्यावर, अंगावरचा मखमली साज उतरवायच्या आधीच ती बँडवाल्यांच्या शेडमागे आडवी झाली. वसुधाला बोलवायला तीन तास उशीर केला होता. पिल्लू आडवं अडकलं होतं आणि आतच गेलं होतं.

त्या रात्रीची एक गोष्ट वसुधानं कोणालाच सांगितली नव्हती. वरातीच्या घोडीला एक चाल शिकवलेली असते. दिवे जवळ आले, माणसं भोवती जमली, की जागच्या जागी चार पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा चार टाकायची. त्या रात्री लोक गॅसबत्त्या घेऊन मोतियाभोवती जमले, तेव्हा ती पडल्यापडल्या पाय हलवायला लागली. चार वेळा. मग थांबायची. पुन्हा चार. एवढ्या कळांमध्ये तिला वाटलं, आपल्याला नाचायला सांगताहेत.

मेलेलं पिल्लू बाहेर काढल्यावर वसुधा ओरडली होती, "ले जाओ इसे, सामने से हटाओ!" आईला पिल्लाचा वास घेऊ द्यायचा असतो, मेलेल्या पिल्लाचासुद्धा, म्हणजे तिला कळतं आणि ती शोधत नाही. हे वसुधाला शिकवलेलं होतं. पण रक्त थांबत नव्हतं, गर्दी हटत नव्हती. त्या घाईत तिला सुचलं नाही. कोणीतरी ते पिल्लू पोत्यात घालून फरफटत नेलं. मोतिया मान वळवून वळवून मागे बघत राहिली.

ती वाचणार नाही हे कळल्यावर वसुधा तिच्या कासेशी बसली. निदान या मरणातून काहीतरी उपयोगाचं निघावं. तिनं बोटं लावली मात्र, आणि घोडी शांत झाली. मान खाली ठेवली, घशातून हलकं फुरफुरली, जशी घोडी आपल्या नव्या पिल्लाशी बोलते तशी. तिला पान्हा फुटला. पिवळा, घट्ट, मधासारखा चीक. दोन बाटल्या भरल्या आणि दुसरी भरता भरता मोतियाचा श्वास थांबला.

*

सत्तार मियाँचा तबेला टाउनशिपच्या कुंपणाच्या भिंतीला बाहेरून टेकून होता. भिंतीच्या आत रस्त्यावरचे दिवे, क्वार्टरांतले रेडिओ, शिफ्टचा भोंगा. बाहेर पत्र्याचं छप्पर, दाराला गोणपाटाचा पडदा आणि खुंटीला एक कंदील. शेजारच्या खोलीत सत्तार मियाँ आणि त्यांची बायको हमीदाबी राहत.

चारच्या सुमाराला वसुधानं शिंगराला उभं केलं, त्याच्या मानेखाली हात घातला आणि निपल तोंडाशी नेलं. पहिले दोन थेंब ओठांवरून गळले. तिसऱ्याला जीभ हलली. मग शिंगरू असं लुचायला लागलं, की सत्तार मियाँच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पी गई! देखो हमीदा, पी गई! बिटिया, तूने तो जान डाल दी खां इसमें!"

हमीदाबी मात्र बाटलीकडे बघत होत्या. त्यांनी ओढणी कानामागे खोचली. "बिटिया, ये दूध किसका है?"

"घोड़ी का है, चाची."

"वो तो दिख रिया है. कौन-सी घोड़ी का?"

"है एक... जवाहर चौक की तरफ."

"जिंदा है?"

वसुधाची बाटली तिरपी झाली. खरं सांगितलं तर या बाई ते दूध ओतून देतील, हे तिला माहीत होतं. समज, भीती, शकुन-अपशकुन, याच सगळ्यांत इथली जनावरं मरतात. एका शिंगराचा जीव की एका म्हातारीची समजूत?

"हाँ, चाची. जिंदा है."

"तो उससे जाके कह देना. दूध बख्शवा लेना." हमीदाबी अगदी साधेपणानं म्हणाल्या, जसं कोणाचं भांडं परत करायला सांगावं. "हमारे में मरते बखत माँ से दूध बख्शवाते हैं. शादी में भी, बारात निकलने से पहले. माँ मुँह से कहे कि बख्शा, तब छूटता है. दूध पिया है ना इसने उसका. अब ये उसकी भी हुई."

दूध बख्शवणं, म्हणजे दुधाचं ऋण आईच्या तोंडून माफ करून घेणं. वसुधानं मान डोलावली आणि सहाला दुसरी बाटलीही पाजली. शिंगराच्या अंगात ऊब आली. ते चार पाय फाकवून उभं राहिलं, रेशमाच्या पोटाखाली डोकं घालून आलं, वसुधाच्या शालीचं टोकही चघळलं. त्या क्षणी तिला वाटलं, यासाठीच परत आले मी. फक्त यासाठी.

थंडीनं सत्तार मियाँचा दमा उसळला. वसुधानं त्यांना आत जाऊन झोपायला लावलं. रात्रभर दर दोन तासांनी शिंगराला पाजावं लागणार होतं, आणि ते ती करणार होती.

*

आठला तिनं पावडर कोमट पाण्यात कालवली, चिमूटभर साखर घातली आणि शिंगराजवळ गेली. शिंगरानं तोंड फिरवलं.

पुन्हा निपल लावलं. त्यानं ओठ घट्ट मिटले. वसुधानं पोटावर हात फिरवला. पोट गच्च भरलेलं होतं, ढोलासारखं. आणि त्याच्या नाकपुड्यांखाली, ओठांच्या कडेला, काहीतरी चिकट लागलेलं होतं. तिनं बोटानं टिपून कंदिलाशी धरलं. पिवळं, घट्ट.

"रेशमा! अगं, पान्हा आला का तुला?" ती आनंदानं उठली आणि रेशमाच्या कासेला हात लावला.

कास कोरडी होती. सकाळपेक्षाही सैल, लोंबणारी.

तेव्हा कुठे तिनं रेशमाकडे नीट पाहिलं. घोडी दाव्याला पूर्ण ताण देऊन एका भिंतीला चिकटून उभी होती. कान मागे पडलेले. कातडी लहरींसारखी थरथरत होती, आणि डोळे समोरच्या कोपऱ्यावर खिळले होते. कोपऱ्यात पेंढ्याचा ढीग होता, बाकी काही नव्हतं.

थंडीनं थरथरत असेल. वसुधानं तिच्या पाठीवर पोतं टाकलं आणि पुन्हा येऊन खोक्यावर बसली. भिंतीपलीकडे कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या संपल्या. मग रेडिओ बंद झाला. एकेक खिडकी अंधारली. भोंगा वाजला, सायकलींच्या घंट्या आल्या आणि गेल्या, आणि त्यानंतर जी शांतता पसरली, तिच्यात तिला आपला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

आधी वास आला. कोमेजलेल्या झेंडूचा. त्यात रॉकेलचा, गॅसबत्तीच्या जळक्या जाळीचा. वरातीच्या शेवटी, सगळे जेवायला आत गेल्यावर रस्त्यावर मागे राहतो तो वास. तिनं कंदिलाची वात पाहिली. वात व्यवस्थित जळत होती.

मग आवाज. धप्... धप्... धप्... धप्. थांबला. पेंढ्यावर पडणाऱ्या खुरांचा, जड, बसका आवाज. पुन्हा चार. थांबला.

वसुधानं रेशमाचे पाय पाहिले. ते जमिनीत रोवल्यासारखे घट्ट उभे होते.

"कोण आहे?" तिनं विचारलं. "चाची...?"

एक बारीक आवाज तेवढा आला, ओला, लयीत. चुट्... चुट्... चुट्... शिंगरू जिथे मघाशी झोपलं होतं, तिथे नव्हतं.

तिनं कंदील उचलला आणि वर धरला.

शिंगरू कोपऱ्यात उभं होतं. मागचे पाय फाकलेले, इवलीशी शेपटी आनंदानं हलत होती. मान वर ताणलेली होती, इतकी वर, की ते जवळजवळ पुढच्या खुरांच्या टोकांवर आलं होतं. रेशमाची कास इतक्या उंचावर नव्हतीच. त्याचं तोंड हवेत होतं. हवेत, काहीच नसलेल्या ठिकाणी, ते लुचत होतं. घशाखालून घोट उतरताना दिसत होते. मधूनच ते ढुशी देई, आणि त्याचं डोकं पुढे न जाता कशालातरी मऊ लागून मागे येई. आणि त्याच्या हनुवटीवरून पिवळे थेंब ओघळून पेंढ्यावर पडत होते. टप्... टप्...

वसुधा किती वेळ तशी उभी राहिली, तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. तिच्या मनानं सगळी पुस्तकं चाळली. हवेत चोखणं, ही सवय असते पिल्लांना. तोंडात उरलेलं दूध गळतं... पण तिच्या पायाशी पेंढा ओला होत होता.

शेवटी तिनं जे करायला ती शिकली होती, तेच केलं. शिंगराला दोन्ही हातांनी कवेत घेऊन बाजूला ओढलं. त्याचं अंग लागताच तिचे हात बधिर झाले. ते थंड होतं. पोट दुधानं टम्म भरलेलं आणि अंग विहिरीतल्या दगडासारखं गार. तिनं थर्मामीटर लावला. पारा तळातून हललाच नाही. कंदिलाच्या उजेडात तिच्या तोंडातून वाफ निघत होती, रेशमाच्या नाकपुड्यांतून निघत होती. शिंगराच्या तोंडातून निघत नव्हती. ते श्वास घेत होतं, बरगड्या हलत होत्या, पण वाफ नव्हती.

"रेशमा, घे... घे हिला. चाट हिला." तिनं शिंगरू आईपुढे ढकललं.

रेशमानं एकदा हुंगलं. मग दात विचकले आणि इतक्या जोरात लाथ झाडली, की मागचा पत्रा कडाडला. स्वतःच्या पिल्लाला ती ओळखत नव्हती. त्याला दुसरीचा वास येत होता.

आणि शिंगरू वळलं. लडखडत, पण ठाम, ते दाराकडे निघालं. दारावरचा गोणपाट बाहेरून कोणी खांद्यानं सारावा तसा उचलला गेला, आणि तसाच उचललेला राहिला. पलीकडे काळोखी वाट होती. चार टापा वाजल्या. थांबल्या. कुणीतरी मागे वळून वाट बघत होतं.

वसुधानं शिंगराच्या गळ्यात दोन्ही हात घातले. ते ओढत होतं. एका दिवसाच्या पिल्लात एवढं बळ नसतं. तिची टाच पेंढ्यावरून घसरत गेली, एक हात, दोन हात, आणि तेव्हा ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

*

हमीदाबी आल्या त्या अनवाणी. त्यांनी उचललेला पडदा पाहिला, शिंगराचं तोंड पाहिलं. काही न विचारता खाली बसून त्यांनीही शिंगराला धरलं.

"बिटिया," त्या कुजबुजल्या, "वो जिंदा नहीं है ना?"

"नाही... नहीं, चाची."

"कब मरी?"

"तीन हफ्ते... बच्चा पेट में ही... मैंने निकाला, वो मरा हुआ था..."

"उसने देखा? बच्चे को सूँघा उसने?"

वसुधानं नकारार्थी मान हलवली. "मी... मैंने हटवा दिया. मैंने कहा, ले जाओ. फिर मैंने दूध निकाला. उसको लगा..." पुढचं वाक्य आजवर तिनं स्वतःशीसुद्धा बोललं नव्हतं. "चाची, उसको लगा कि मैं उसका बच्चा हूँ. इसीलिए दूध उतरा."

हमीदाबींनी डोळे मिटले. "या अल्लाह. बिचारी... अपना बच्चा लेने आई है." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून वसुधाला जास्त भीती वाटली. "बोल उससे. सच बोल."

"मी?"

"दूध तूने लिया. तू ही बख्शवाएगी. अपनी बोली में बोल, जिसमें माँ से बोलती है. जल्दी कर, ये ठंडी पड़ रई है."

शिंगराचे डोळे वर फिरायला लागले होते. वसुधा उठली. ती उचललेल्या गोणपाटासमोर, त्या काळोखाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. झेंडूचा वास इतका दाट होता, की श्वास घेताना घशात अडकत होता.

"मोतिया..." ती म्हणाली. "मोतिया, हे तुझं नाही गं. हे रेशमाचं आहे. तुझं पिल्लू गेलं. आतच गेलं होतं. त्याला तू जन्म दिलास तेव्हाच... त्यात जीव नव्हता. मी तुला दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं. आणि नंतर तुला वाटलं, तेच लुचतंय. ते नव्हतं. तो माझा हात होता..."

काळोखात काहीतरी हललं. उष्ण, ओलसर श्वास तिच्या चेहऱ्यावर आला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग तो खाली उतरला आणि तिच्या हातांवर थांबला. दिसत काही नव्हतं. पण तिच्या तळव्यांवर मऊ, जाड ओठ फिरत होते, एकेक बोट हुंगत होते. फार वेळ. जणू त्या बोटांवर काहीतरी वाचायचं होतं.

"तुझं दूध... बख्श दे," वसुधा रडत होती. "हिला सोड. हिला जगू दे. मी तुझं पिल्लू शोधते. त्याला कुठे नेलं ते शोधून काढते. तुला सांगते. नक्की सांगते. पण हिला सोड..."

तिच्या हातांवरचा श्वास थांबला.

गोणपाट खाली पडला. बाहेरून एकही टाप वाजली नाही.

मागे हमीदाबी ओरडल्या, "साँस! देख, साँस!" शिंगराच्या नाकातून वाफेची बारीक, तुटकी रेघ निघाली होती. मग दुसरी. ते कुडकुडायला लागलं, जसं जिवंत पिल्लानं थंडीत कुडकुडावं. दोघींनी मिळून रेशमाच्या कासेतून पिळून काढलेले चार थेंब त्याच्या कपाळाला, पाठीला, शेपटीखाली चोळले, त्याच्या अंगावर रेशमाच्याच घामाचं पोतं घासलं. रेशमानं मान लांब केली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि तिनं शिंगराचा कान चाटला.

पहाटे तिला पान्हा फुटला. थोडाच होता, पण स्वतःचा होता. वसुधानं बाटलीतलं पावडरीचं दूध पुढे केलं, तेही शिंगरू घटघट प्यालं.

उजाडल्यावर हमीदाबींनी चहा दिला.

"क्या-क्या कहा तूने उससे?" हमीदाबींनी विचारलं. "तेरी बोली मेरे को पूरी समझी नहीं."

"सच कहा, चाची. सब."

"और?"

"और... कहा कि उसका बच्चा ढूँढ दूँगी."

हमीदाबींनी स्वतःचा कप खाली ठेवला. मग उठून त्यांनी वसुधाच्या अंगावरची शाल नीट केली, मानेपर्यंत, आणि म्हणाल्या, "तो ढूँढ, बिटिया. आज ही जा."

*

ती त्याच दिवशी जवाहर चौकात गेली. गोविंद घोडीवाल्यानं डोकं खाजवलं. पोतं बँडमधल्या कोणीतरी उचललं होतं. कोणी, ते आठवत नाही. बँडवाले म्हणाले, कचऱ्याच्या ट्रकमध्ये टाकलं. ट्रक कुठला, कुठे खाली झाला, कोण सांगणार? वसुधा दोन आठवडे हिंडली. शहराबाहेरच्या उकिरड्यांवर जाऊन तिनं माणसांना विचारलं. लोक तिच्याकडे वेडीकडे बघावं तसे बघत. घरी वडील म्हणाले, "वसू, एका मेलेल्या शिंगरासाठी? अगं, जिवंत आहेत ती बघ ना." शेवटी शोधण्यासारखी जागाच उरली नाही.

रेशमाची बछेरी मात्र वाढत होती. सत्तार मियाँ तिला टांग्यामागे मोकळी पळवत आणत, आणि शाळेतली मुलं तिला गूळ देत.

जानेवारीच्या मध्याला शहरातल्या चार इमली भागातल्या एका बंगल्यातून निरोप आला. मीनावहिनी ग्वाल्हेरच्या, त्यांचे यजमान मंत्रालयात. माहेराहून आणलेली गाय व्याली होती आणि वार पडत नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते. बंगल्यामागच्या गोठ्यात लख्ख ऊन आलं होतं. वसुधानं तासाभरात गाय मोकळी केली, हात धुतले. गाय शांत होती, कास दुधानं ताठ भरलेली होती.

"बघा तरी, किती गोड आहे!" मीनावहिनी म्हणाल्या. "उठतंय, उठतंय!"

वासरू उठलं. एकदा पडलं, पुन्हा उठलं. आई हंबरून त्याला बोलावत होती. ते आईकडे गेलं नाही. ते वसुधाच्या दिशेनं आलं, तिच्या पायांना वळसा घातला आणि तिच्या मागे जाऊन उभं राहिलं.

"अगं बाई, तुम्हालाच आई समजलं की ते!"

वसुधा हलली नाही. तिच्या पाठीमागे, कमरेच्या उंचीवर, लुचण्याचा आवाज सुरू झाला होता. ओला, लयीत.

मीनावहिनींचं हसू हळूहळू ओसरलं. त्या वसुधाच्या खांद्यापलीकडे बघत होत्या आणि त्यांना काय दिसतंय ते त्यांनाच समजत नव्हतं. कोमेजलेल्या झेंडूचा वास आला, तरी वसुधानं मागे पाहिलं नाही. ती गाईकडे बघत राहिली.

गाईनं हंबरणं थांबवलं होतं. तिनं मान खाली घातली, दोन पावलं मागे सरली, मग आणखी एक, अगदी भिंतीला अंग लागेपर्यंत. गोठ्यात एखादं मोठं जनावर शिरलं की लहानानं सरावं तशी, आणि तिनं जागा करून दिली.